बंद करून चालू कर

आमच्या घरात राउटरला हात लावण्याआधीचा एक ठरलेला क्रम आहे. आधी एका खोलीतून आवाज येतो, "नेट गेलं का?" दुसऱ्या खोलीतून उत्तर येतं, "माझं चालतंय." मग तिसरं कुणीतरी म्हणतं, "माझ्याकडे नुसतं गोल गोल फिरतंय." आणि कपाटाच्या सगळ्यात जवळ जो असेल तो हात वर करून राउटरची वायर ओढतो. दहापर्यंत मोजायचं, वायर परत खोचायची. दिवे लुकलुकतात, दोन मिनिटं घर गप्प होतं आणि नेट पळायला लागतं. वायर ओढणारा त्या दिवसापुरता घरातला इंजिनिअर.

हे कित्येक महिने चाललं होतं. आठवड्यातून एकदा, कधी दोनदा. सासूबाईंनी तर त्याचं निदानही करून टाकलं होतं, "थकत असेल गं तो. दिवसरात्र चालू असतो. जरा विसावा दे त्याला." मला ते निदान वाईट वाटलं नाही. एखादी वस्तू एकदम बंद पडली की माणूस लगेच हातपाय हलवतो, पण हळूहळू मंदावणाऱ्या वस्तूशी आपण नकळत जुळवून घेतो. पान उघडायला दोन सेकंद लागायची तिथे चार लागतात, मग सहा, आणि आपण त्या वेळात खिडकीबाहेर बघायला शिकतो.

शंका आली ती त्या ओरडाआरडीतल्या एका विसंगतीमुळे. "गेलं" म्हणणारा आणि "चालतंय" म्हणणारा, दोघंही खरं बोलत होते. एका संध्याकाळी मुलीचा व्हिडिओ कॉल तासभर एकदाही न अडखळता चालला होता, आणि त्याच तासात त्याच खोलीत मला साधं बातम्यांचं पान उघडायला आठ-नऊ सेकंद लागत होते. वेग मोजून पाहिला तर आकडा चांगला येत होता. थकलेला माणूस एकाला पाणी देतो आणि दुसऱ्याला देत नाही, असं होत नाही. इथे काहीतरी निवड चालली होती.

मी घरात जाहीर केलं की आता कुणीही वायर ओढायची नाही. विरोध झाला. पण माझं म्हणणं साधं होतं. दर वेळी आपण जे करतो त्याने त्रास जातो, आणि त्रासाबरोबर त्याचं कारणही पुसलं जातं. बहुतेक घरगुती राउटर आपल्या नोंदी तात्पुरत्या मेमरीत ठेवतात. वीज गेली की त्या नोंदीही गेल्या. राउटरला स्वतःचं बॅटरीवरचं घड्याळही बहुधा नसतं. चालू झाल्यावर बाहेरून वेळ मिळेपर्यंत माझ्या राउटरला वाटतं की आज १ जानेवारी १९७० आहे. चोरी झाली की आधी फरशी धुऊन घ्यायची आणि मग ठसे शोधायचे, असं आम्ही महिनोन्महिने करत होतो.

एक वही केली. तारीख, वेळ, राउटर चालू होऊन किती दिवस झाले, आणि नेमकं काय मंद आहे. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा ठरला, पण ते नंतर कळलं.

पहिला संशय शेजारच्या वायफायवर. तो सगळ्यांनाच येतो आणि बरेचदा खराही असतो. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात चॅनेल्स दिसायला अकरा किंवा तेरा असतात, पण दोन शेजारच्या चॅनेल्समध्ये अंतर फक्त ५ मेगाहर्ट्‌झ आणि एकेका चॅनेलला जागा लागते २० मेगाहर्ट्‌झ. म्हणजे एकमेकांच्या अंगावर न येता राहू शकतात ती तीनच, १, ६ आणि ११. बाकी सगळी धक्काबुक्की. वायफायची शिस्त अशी की बोलण्याआधी ऐकायचं, हवा मोकळी असेल तरच बोलायचं. आजूबाजूला दहा-बारा राउटर असतील तर आपल्या राउटरचा बराचसा वेळ ऐकण्यातच जातो. त्यातही एक गंमत आहे. लांबच्या खोलीतलं एखादं मंद उपकरण सावकाश बोलतं, आणि ते बोलत असेपर्यंत हवा त्याचीच असते. जवळचा वेगवान लॅपटॉपही त्याच्यामुळे खोळंबतो. एका कोपऱ्यातला जुना फोन सगळ्या घराचा वेग खाली ओढू शकतो, तो असा.

हे खरं, पण माझ्या दुखण्याशी ते जुळेना. शेजाऱ्यांची गर्दी घड्याळाप्रमाणे चालते, संध्याकाळी वाढते, पहाटे ओसरते. आपण वायर कधी ओढली होती हे शेजाऱ्यांच्या राउटरला माहीत नसतं. माझ्या वहीत मात्र मंदपणा पहाटेही होता आणि दुपारीही. तो दिवस मोजत होता. एक पळवाट उरत होती. चॅनेल 'ऑटो'वर ठेवलं तर पुष्कळ राउटर ते फक्त चालू होताना निवडतात. नंतर आजूबाजूची वस्ती बदलते, हा जागचा हलत नाही, आणि परत चालू केला की नवी मोकळी जागा शोधतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, रीस्टार्टने बरा झाला. ती शंका उरू नये म्हणून मी चॅनेल ११वर कायमचं बसवलं. संध्याकाळचं चित्र जरा सुधारलं. पाचव्या दिवशी पुन्हा तेच.

मग उष्णता. राउटर कपाटावर, त्याच्यावर कुणीतरी ठेवलेली पिशवी, आणि खाली हात लावला तर चांगलाच चटका. त्याला तिथून काढून मोकळ्या भिंतीवर लावला. हे करायलाच हवं होतं, कारण आतल्या आणि अडॅप्टरमधल्या कपॅसिटरांचं, म्हणजे वीज साठवणाऱ्या लहान भागांचं, आयुष्य तापमानाशी बांधलेलं असतं. दर १० अंशांनी तापमान उतरलं की आयुष्य साधारण दुप्पट, असा ठोकताळा आहे. पण उष्णतेवर आळ घेण्यात एक अडचण होती आणि ती मला आधीच सुचायला हवी होती. राउटर जेवढा तापायचा तेवढा तास-दोन तासांत तापतो, त्यासाठी पाच दिवस लागत नाहीत. आणि पाच दिवसांत साठलेली उष्णता दहा आकडे मोजेपर्यंत जात नाही. विसाव्याचं निदान इथे मनातल्या मनात निकालात निघालं. सासूबाईंना सांगितलं नाही.

आता उरल्या त्या दिवस मोजणाऱ्या गोष्टी. यंत्र चालू राहिल्याने, फक्त चालू राहिल्याने, बिघडू शकतं, ही गोष्ट माझ्या मनाला पटायला वेळ लागला. पंखा झिजतो हे समजतं. प्रोग्रॅम कसा झिजेल? पण त्याला 'सॉफ्टवेअर एजिंग', म्हणजे प्रोग्रॅमचं म्हातारपण, असं नावच आहे, आणि १९९५मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधनसंस्थेशी संबंधित संशोधकांनी त्यावरचा उपायही कागदावर मांडला होता. प्रोग्रॅम बिघडायची वाट न बघता ठरावीक काळाने आपणच त्याला थांबवून पुन्हा सुरू करायचं. म्हणजे आमच्या घरातला प्रघात, फक्त गणितासकट. प्रोग्रॅम मेमरी मागतो आणि परत करायला विसरतो, लहानसहान चुका साठत जातात, मोजणीचा आकडा त्याच्या डब्यात मावेनासा होतो. २०१५मध्ये अमेरिकेच्या विमान प्रशासनाने बोइंग ७८७साठी आदेश काढला होता, की विमानाची वीज सलग २४८ दिवस चालू राहिली तर जनित्रांची नियंत्रक यंत्रं एकाच वेळी बंद पडू शकतात, म्हणून त्याआधी ती बंद करून चालू करा. सेकंदाच्या शंभराव्या भागाने मोजत गेलं तर ३१ बिटांचा, म्हणजे शून्य-एकच्या ३१ घरांचा, आकडा तेवढ्याच दिवसांत भरतो. आमचं कपाट आणि ते विमान एकाच पंगतीत, हे वाचून मला थोडा अभिमानही वाटला.

दुसरं उदाहरण वाचून मात्र हसू आलं नाही. २५ फेब्रुवारी १९९१ला सौदी अरेबियात धहरान इथे अमेरिकेच्या पेट्रियट या क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेची एक तुकडी सलग १०० तास चालू होती. वेळ मोजताना होणारी बारीकशी चूक साठत साठत सेकंदाच्या एक तृतीयांशापर्यंत गेली, येणारं इराकचं स्कड क्षेपणास्त्र रडारने चुकीच्या जागी शोधलं, आणि २८ सैनिक मेले. फार वेळ चालू ठेवल्यास अडचण येऊ शकते, ही सूचना आधी पाठवलेली होती. फार वेळ म्हणजे किती, ते त्यात लिहिलं नव्हतं. दुरुस्त केलेला प्रोग्रॅम दुसऱ्या दिवशी पोचला. त्यानंतर माझ्या वहीतला 'किती दिवस झाले' हा रकाना मी जास्त काळजीपूर्वक भरायला लागले.

राउटरच्या पानावर मोकळी मेमरी रोज बघितली. पहिले दोन दिवस ती उतरली आणि मग स्थिरावली. मला क्षणभर चोर सापडल्यासारखं वाटलं, पण लिनक्स या प्रणालीवर चालणारी माझ्या राउटरसारखी यंत्रं मोकळी मेमरी रिकामी ठेवत नाहीत, तात्पुरत्या साठ्यासाठी वापरून टाकतात. उतरत उतरत तळाला गेली असती तर गोष्ट वेगळी. इथे ती थांबली होती.

माझा सगळ्यात मोठा घोळ झाला तो पहारेकऱ्याबाबत. पहिल्या दिवशीच मी एका कॉम्प्युटरवरून राउटरला सतत 'पिंग' करत ठेवलं होतं. पिंग म्हणजे "आहेस का?" असं विचारायचं, तो "आहे" म्हणतो, आणि मध्ये किती वेळ गेला ते मोजायचं. दर सेकंदाला एक हाक. पाचव्या दिवशी घरात आरडाओरडा सुरू झाला, मी धावत जाऊन पाहिलं, तर पहारेकरी शांत, दोन मिलिसेकंदांत उत्तर येतंय, एकही हाक हुकलेली नाही. म्हणजे राउटर ठणठणीत आहे आणि दोष पुढच्या लाइनीचा, असं मी ठरवून टाकलं. सेवा देणाऱ्या कंपनीला फोनही केला. तिथल्या माणसाने शांतपणे सांगितलं, "मॅडम, एकदा राउटर बंद करून चालू करा." मी त्यांच्यावर का चिडले हे त्यांना कळलं नसणार.

सहज म्हणून मी फोनवरून तसंच पिंग केलं. पहिली हाक हुकली. दुसरी हुकली. बऱ्याच वेळाने एक उत्तर आलं. शेजारी कॉम्प्युटरवरचा जुना पहारेकरी अजूनही दोन मिलिसेकंदांच्या गप्पा मारतोय. जुनी हाक पोचते, नवी पोचत नाही. मुलीचा कॉल चालतो, माझं पान उघडत नाही. सुरू असलेलं सुरूच राहतं, नव्याला दार मिळत नाही. वहीतला शेवटचा रकाना वर-खाली वाचला तर पानापानावर हेच लिहिलेलं होतं, माझ्याच अक्षरात.

हे समजायला राउटरचं खरं काम समजावं लागतं, आणि ते फक्त हवेत लहरी सोडण्याचं नाही. घरात पंधरा-वीस उपकरणं असतात, बाहेरच्या जगाला मात्र एकच पत्ता दिसतो. आतून बाहेर गेलेली प्रत्येक विचारणा कुणाची होती हे राउटर एका तक्त्यात लिहून ठेवतो. आतला पत्ता, बाहेरचा पत्ता, दोन्हीकडचे क्रमांक, आणि ही ओळ किती वेळ जपायची तो काळ. उत्तर आलं की तक्ता बघून ज्याचं त्याला देतो. ही युक्ती १९९४च्या सुमाराला कागदावर आली, पत्ते कमी पडतील म्हणून काढलेली तात्पुरती सोय होती, आणि अजून घरोघर तीच चालू आहे.

त्या तक्त्याला मर्यादा असते. माझ्या राउटरच्या एका आडबाजूच्या पानावर ती लिहिलेली होती, ४०९६. आणि त्या क्षणी भरलेल्या ओळी होत्या ४०९६.

तक्ता भरला की राउटर बंद पडत नाही. तो ओळख असलेल्यांना आत-बाहेर करू देतो आणि नव्याची विचारणा न बोलता टाकून देतो. टाकली असं कळवतही नाही. विचारणारं उपकरण एक सेकंद वाट बघतं, पुन्हा विचारतं, मग दोन सेकंद, मग चार. तेवढ्यात कुठली तरी जुनी ओळ गळली तर त्याचं नशीब. एका पानासाठी अशा वीस-तीस विचारण्या लागतात, म्हणून पान कुथत कुथत उघडतं. आपल्याला ते 'स्लो' वाटतं. खरं तर वेगाचा इथे काही संबंधच नसतो. वेग मोजणारा प्रोग्रॅम एकदा आत शिरला की त्याला पूर्ण रस्ता मोकळा मिळतो आणि तो उत्तम आकडा दाखवतो.

मग मी त्या ओळी वाचायला बसले. चार हजार ओळी कुणी वाचत नाही, मीही वाचल्या नसत्या, पण शेवटच्या रकान्यावर नजर अडकली. ही ओळ अजून किती सेकंद जपायची, त्याचे आकडे. ४,१२,०००च्या आसपास. ३,९८,०००. २,७१,०००. सेकंद! एका दिवसाचे सेकंद ८६,४००. लिनक्समध्ये पूर्ण जुळलेली आणि मग गप्प पडलेली टीसीपी जोडणी (दोन यंत्रांनी आधी ओळख करून मग बोलायची पद्धत) जपायचा मूळ काळ आहे ४,३२,००० सेकंद. भागून बघितलं. बरोब्बर पाच दिवस.

दोन यंत्रं नीट बोलणं संपवतात तेव्हा एकमेकांना तसं कळवतात, आणि ते ऐकून राउटर त्यांची ओळ पुसतो. पण एक जण बोलता बोलता न सांगताच उठून गेला तर? राउटरला कसं कळणार? तो वाट बघतो. परत येईल, मध्येच बोलायला लागेल, ओळ राहू द्यावी. पाच दिवस तो एकेकाची वाट बघत होता, आणि अशा न सांगता गेलेल्यांनी सगळी जागा अडवली होती. त्याला विसावा नको होता. त्याला विसरता येत नव्हतं.

आता न सांगता जाणारा कोण, एवढाच प्रश्न उरला. मला मुलाच्या गेमचा संशय होता, नवऱ्याच्या ऑफिसच्या लॅपटॉपचा होता, भिंतीवरच्या कॅमेऱ्याचा तर फारच होता. आतल्या पत्त्यांचा रकाना बघितला तर तीन-चतुर्थांशांहून जास्त ओळींवर एकच पत्ता. काखेत कळसा आणि गावाला वळसा. तो माझा जुना लॅपटॉप होता.

त्यावर मी लिनक्सच्या डिस्क टॉरेंटने, म्हणजे एकमेकांना फाइलींचे तुकडे देण्याच्या पद्धतीने, इतरांना पुरवत ठेवल्या होत्या. परोपकार म्हणून. तो प्रोग्रॅम जगभरातल्या शेकडो अनोळखी यंत्रांशी एकाच वेळी जोडणी धरतो. आणि मी दिवसातून चार-पाच वेळा त्याचं झाकण मिटत होते. झाकण मिटलं की लॅपटॉप जागच्या जागी झोपतो, शेकडो बोलणी अर्ध्यावर तुटतात, कुणालाही निरोप नाही. पलीकडची काही यंत्रं वाट बघून स्वतःच निरोप पाठवतात, त्यांच्या ओळी पुसल्या जातात. पण दर खेपेला दोनशे जरी मागे उरल्या, दिवसाला चार खेपा धरल्या, आणि पाच दिवस, तर होतात चार हजार. घरातल्यांना शंभरच्या आसपास ओळी उरतात. राउटर पाचव्या दिवशीच का कुथायचा, ते वहीशी तंतोतंत जुळलं. मी दोन दिवस हे कुणाला सांगितलं नाही.

दुरुस्ती सांगण्यासारखी मोठी नाही. त्या प्रोग्रॅमला एका वेळी साठ जोडण्यांची मर्यादा घातली. आणि राउटरमध्ये तो पाच दिवसांचा आकडा बदलून ७४४० केला. हा आकडा मी मनाने काढलेला नाही. दोन तास चार मिनिटांपेक्षा लवकर कुणाला विसरू नये, असा नियम २००८मध्ये इंटरनेटचे नियम लिहिणाऱ्यांनी घालून दिला, कारण शांत बसलेली यंत्रं जिवंत आहेत हे कळवणारी हाक प्रमाणानुसार दोन तासांनी मारतात. ओपनडब्ल्यूआरटीसारख्या राउटरसाठीच्या मोकळ्या प्रणालींमध्ये तोच आकडा आधीपासून असतो. माझ्या राउटरमध्ये का नव्हता, हे त्याच्या कंपनीला ठाऊक. रोज पहाटे आपोआप रीस्टार्ट होण्याची सोय मात्र त्यांनी ठळक बटण देऊन दिली होती. आपल्याला दुखणं माहीत आहे अशी ती कबुलीच म्हणायची.

वायर ओढणं सरसकट वाईट, असं मी म्हणणार नाही. मे २०१८मध्ये अमेरिकेच्या एफबीआय या तपाससंस्थेनेच लोकांना घरचे राउटर बंद करून चालू करायला सांगितलं होतं. व्हीपीएनफिल्टर नावाचा घातक प्रोग्रॅम लाखो राउटरमध्ये शिरला होता आणि त्याचा बराचसा भाग वीज गेल्यावर टिकत नव्हता. गाभा मात्र टिकत होता, म्हणून नुसत्या रीस्टार्टने काम पुरं होत नव्हतं. तिथेही वायर ओढून अर्धंच दुखणं जायचं.

आमच्याकडे त्यानंतर नेट मंदावलं नाही. तक्त्यात ओळी सहाशे-सातशेच्या वर जात नव्हत्या. 'किती दिवस झाले' या रकान्यात वीस झाले, तीस झाले, चाळीस. मी रोज तो आकडा बघायला लागले, नवऱ्याच्या मते गरजेपेक्षा जास्त.

त्रेचाळिसाव्या दिवशी संध्याकाळी सगळ्यांचंच नेट थांबलं. मी फोनवरून राउटरला नवी हाक मारली, दोन मिलिसेकंदांत उत्तर. तक्ता पाहिला, ५८० ओळी. दोष बाहेरच्या लाइनीत होता, उघड होतं. मी बैठकीच्या खोलीत येऊन हे समजावून सांगत होते, ४०९६पर्यंत आले होते, तेवढ्यात मागे सासूबाईंचा आवाज आला, "...आठ, नऊ, दहा."

दिवे लुकलुकले. दोन मिनिटांनी नेट आलं. बाहेरची लाइन तेवढ्यात सुधारली होती, पण ते मी कुणाला पटवून देणार? "बघ," त्या म्हणाल्या, "सांगत होते ना मी तुला."

रात्री मी पान उघडलं. सुरू होऊन झालेला वेळ, २ तास ११ मिनिटं. नोंदींची पहिली ओळ, १ जानेवारी १९७०.